आठही डिस्क आल्याशिवाय उठायचं नाही

एका छापखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यात दोन रेड ॲरे आहेत, म्हणजे एकत्र मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखे चालणारे डिस्कांचे दोन संच, आणि दोघांकडून माझी अपेक्षा अगदी उलट आहे. पहिला म्हणजे दोन एसएसडींचा मिरर, रेड १, दोन्हींवर तोच डेटा. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स आहे. त्यातली एक एसएसडी मेली तरी मशीन उठलंच पाहिजे, कारण रात्री दोन वाजता तिथे कुणी जाणार नाही. दुसरा आठ डिस्कांचा रेड ६, प्रत्येक डिस्क ४ टीबीची. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं, पुस्तकांच्या फायली, लग्नपत्रिकांचे ढीग, सगळं त्यावर. हा ॲरे मात्र आठही डिस्क हजर असतील तरच उभा राहावा. नसतील तर गप्प पडून राहावं आणि मला मेल पाठवावी.

हे दोन नियम एकाच मशीनला एकाच वेळी पटवून देणं, एवढंच काम होतं. ते वाटलं त्याहून लांबलं, कारण मशीन सुरू, म्हणजे बूट, होताना ॲरे जुळवणारा कोणी एक नसतो. एकाला थांबवावं तर दुसरा तेच काम करून मोकळा होतो.

मुळात हा हट्ट कशासाठी, ते आधी सांगतो. आठपैकी सहा डिस्क सर्व्हरला जोडलेल्या मोठ्या डब्यात आहेत. जागा कमी पडली तेव्हा ॲरे वाढवला आणि उरलेल्या दोन डिस्क वेगळ्या छोट्या डब्यात गेल्या. पावसाळ्यात लाईट जाते, यूपीएस जमेल तेवढा तग धरतो, मग सगळंच बसतं. लाईट आली की सर्व्हर आपोआप चालू होतो, बायोसमध्ये तसं सेटिंगच आहे. मोठा डबाही लगेच येतो. छोटा डबा मात्र आधी स्वतःची तपासणी करतो, मग डिस्क फिरवायला घेतो, आणि त्याच्या दोन डिस्क लिनक्सला दिसेपर्यंत दीड मिनिटाच्या वर जातं.

दरम्यान सर्व्हरने काय केलं, ते प्रॉक फोल्डरमधल्या, ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये एका ओळीत दिसतं. चौकोनी कंसात ८/६, त्याच्यापुढे सहा यू आणि दोन अधोरेषा. म्हणजे ॲरे सहा डिस्कांवर सुरू झाला आहे. रेड ६ ला दोन डिस्क गेलेल्या चालतात हे खरं, पण त्या गेल्यावर हाताशी काहीच उरत नाही. एखाद्या डिस्कवरचा एक सेक्टर वाचता आला नाही तरी तेवढा डेटा गेला. आणि इथे तर दोन्ही डिस्क धडधाकट होत्या, फक्त उशिरा आल्या होत्या.

त्या आल्यावरही ॲरे त्यांना आपणहून आत घेत नाही. तोवर माउंट झालेलं असतं, म्हणजे ॲरे एका फोल्डरवर जोडून वापरात आलेला असतो, काहीतरी लिहिलं गेलेलं असतं, सहा डिस्कांवरचा इव्हेंट काउंट, म्हणजे बदलांचा आकडा, पुढे सरकलेला असतो. उशिरा आलेल्या दोघींवरची माहिती शिळी. कुठला भाग बदलला याची नोंद ठेवणारा बिटमॅप असता तर डिस्क री-ॲड करून बदललेला भागच पुन्हा लिहिला गेला असता आणि काम पटकन आटोपलं असतं. पण ॲरे वाढवताना कोणीतरी बिटमॅप काढला होता आणि परत लावलाच नव्हता. जुन्या पद्धतीत वाढवण्याआधी तो काढावा लागायचा, त्यामुळे हे बऱ्याच ठिकाणी सापडतं. बिटमॅप नाही म्हणजे दोन्ही डिस्क पहिल्यापासून भरायच्या. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला सात तासांच्या वर, तेही कोणी काम करत नसेल तर. आणि तेवढा वेळ उरलेल्या सहांच्या जिवावर.

ॲरे पूर्ववत झाल्यावर पहिलं काम बिटमॅप लावण्याचं केलं. रेड सांभाळणाऱ्या एमडीॲडम या आज्ञेला ग्रो सांगायचं आणि बिटमॅप इंटर्नल, बस. बाकी काही करणार नसाल तरी एवढं आजच तपासा.

मग शोध सुरू केला: सहा डिस्कांवर ॲरे सुरू करायचं ठरवलं कोणी?

इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बूट होताना दिल्या जाणाऱ्या ओळीत रेड बरोबर नोऑटोडिटेक्ट लिहा असा. तो इथे बिनकामाचा आहे. कर्नल स्वतः ॲरे जुळवतो ते फक्त ०.९० या जुन्या मेटाडेटाचे (मेटाडेटा म्हणजे डिस्कवर लिहिलेली ॲरेची माहिती), आणि तेही पार्टिशनचा प्रकार एफडी असा नोंदवलेला असेल तर. एमडीॲडम २०१० पासून मुळातच १.२ मेटाडेटा वापरतं, आणि त्याला कर्नल हात लावत नाही. डेबियनमध्ये तर एमडीचा, म्हणजे कर्नलमधल्या रेडचा, मुख्य भागच मॉड्यूल म्हणून सुटा येतो, त्यामुळे तो रस्ता आपोआप बंद.

उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, होतं. बूटच्या नोंदी चाळताना एक ओळ सापडली: ॲक्टिव्हेट एमडी ॲरे एमडी१२७ ईव्हन दो डिग्रेडेड, म्हणजे डिस्क कमी असल्या तरी एमडी१२७, आमचा मोठा ॲरे, सुरू करा. ही एमडीॲडम-लास्ट-रिसॉर्ट नावाची, सगळ्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टीमडीची सर्व्हिस. तिचा एक टायमरही आहे, ३० सेकंदांचा.

कारभार असा चालतो. कुठलीही डिस्क कर्नलला दिसली की नव्या उपकरणांची दखल घेणारा यूडेव्ह तिच्यावरची खूण वाचतो. ती रेडची सदस्य निघाली की ६४ क्रमांकाच्या नियमातून एमडीॲडम इन्क्रिमेंटल चालतं. ते त्या एका डिस्कला तिच्या ॲरेत बसवतं आणि पुढच्या डिस्कची वाट पाहतं. सगळ्या आल्या की ॲरे सुरू. पण चालण्यापुरत्या आल्या आणि सगळ्या नाही आल्या, तर यूडेव्ह तो टायमर लावतो. वऱ्हाडाची बस जशी सगळे बसले नसले तरी शेवटी निघते, तशी अर्ध्या मिनिटाने ती सर्व्हिस ॲरेला रन म्हणते. आमच्या बाबतीत सहावी डिस्क आली, टायमर लागला, तीस सेकंद झाली, ॲरे निघाला. छोटा डबा त्यानंतर तासाभराने आला काय आणि मिनिटाने आला काय, सारखंच.

हा टायमर चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या मिररला हेच वागणं हवं आहे. एक एसएसडी गेली तर थोडी वाट पाहून मशीन उठणारच. अडचण एवढीच की हा नियम सरसकट सगळ्यांना लागू होतो.

मग सरळ उपाय: टायमर फक्त एमडी१२७ पुरता मास्क, म्हणजे पूर्ण बंद, करायचा. सिस्टीमडीत तसं करता येतं, टायमरच्या नावात ॲट या चिन्हापुढे ॲरेचं नाव लिहायचं. मग इन्क्रिमेंटल वाट पाहत राहतं आणि आठवी डिस्क आली की ॲरे आपोआप उठतो. पुष्कळ लोकांना एवढ्यावर थांबता येईल. मला दोन गोष्टी खटकल्या. एक, एमडी१२७ हे नाव पक्कं नाही. इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टीम, तिच्यातल्या कॉन्फिगमध्ये नोंद नसलेल्या ॲरेला १२७ पासून उलट्या क्रमाने नंबर मिळतात. उद्या आणखी एक ॲरे जोडला की कोण १२७ आणि कोण १२६ याचा भरवसा नाही. अर्थात कॉन्फिगमध्ये नाव लिहून हे सुटतं.

दुसरी गोष्ट तशी सुटत नाही. बूटच्या सुरुवातीला इनिट्रॅमएफएस चालतं आणि डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत तिथे सिस्टीमडी नसतो. मास्कची तिथे सत्ता नाही. पण यूडेव्हचे तेच नियम तिथेही असतात, डब्यांच्या कार्डाचा ड्रायव्हरही असतो, म्हणजे मोठ्या डब्यातल्या डिस्क तिथेच दिसायला लागतात. शिवाय रूट, म्हणजे सिस्टीम जिच्यावर आहे ती मुख्य फाइलसिस्टीम, सापडत नसेल तेव्हा चालणारी एक स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट्स, लोकल-ब्लॉक, एमडीॲडम या वाटेवर ती सापडेल. आधी ती पूर्ण असलेले ॲरे जुळवून बघते, आणि वाट पाहण्याच्या मुदतीचा दोन-तृतीयांश भाग संपला की अर्धवट असलेल्यांनाही रन म्हणते. लिहिणाऱ्याने वर शेरा मारून ठेवला आहे की हा गरिबाघरचा लास्ट-रिसॉर्ट आहे. म्हणजे ज्या दिवशी मिररमधली एक एसएसडी रुसेल, नेमक्या त्याच दिवशी मिररबरोबर मोठा ॲरेही सहा डिस्कांवर उठवला जाण्याची शक्यता. एका दिवशी दोन्ही संकटं मला नको होती.

तेव्हा ठरवलं की मोठा ॲरे आपोआप जुळवणाऱ्या सगळ्यांच्याच नजरेआड करायचा, आणि योग्य वेळी आपण स्वतः उचलायचा.

एमडीॲडम डॉट कॉन्फमध्ये ही सोय आहे. ॲरेच्या ओळीत जिथे नाव लिहायचं तिथे कोनी कंसांत इग्नोर लिहायचं आणि पुढे यूयूआयडी, म्हणजे त्या ॲरेचा स्वतंत्र ओळख क्रमांक. असा ॲरे कधीही आपोआप जुळवला जात नाही. मिररची ओळ होती तशीच ठेवली. सगळेच अनोळखी ॲरे बंद करायचे असतील तर ऑटो या ओळीत उणे ऑल असंही लिहिता येतं. एखाद्या होस्टवर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतात आणि पाहुण्यांचे ॲरे होस्टच जुळवून बसतो, तिथे ते फार उपयोगी. मला एकच वगळायचा होता, म्हणून यूयूआयडी दिला.

यानंतर अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवायलाच हवं. कॉन्फिगची एक प्रत इनिट्रॅमएफएसच्या पोटात असते आणि बूटच्या सुरुवातीला तीच वाचली जाते. मी अनएमकेइनिट्रॅमएफएसने ती उघडून आतली ओळ डोळ्यांनी पाहिली. मग एका डिस्कवर हातानेच इन्क्रिमेंटल चालवलं. उत्तर आलं की ही डिस्क ज्या ॲरेतली आहे तो कॉन्फिगने स्पष्टपणे वगळला आहे. रीबूटनंतर एमडीस्टॅटमध्ये फक्त मिरर. आठही डिस्क मोकळ्या, कोणी न धरलेल्या. हे बघून फार बरं वाटलं.

माझे एक मित्र रेड हॅटच्या घराण्यातली मशीन सांभाळतात. त्यांच्याकडे इनिट्रॅमएफएस ड्रॅकट बनवतो. तिथे कर्नलच्या ओळीत आरडी डॉट एमडी डॉट यूयूआयडी लिहून सुरुवातीच्या टप्प्यात नेमका कुठला ॲरे जुळवायचा ते सांगता येतं. पण बाकीचे पुढच्या टप्प्यात यूडेव्ह जुळवतोच, त्यामुळे इग्नोरची ओळ त्यांनाही चुकत नाही.

आता उचलण्याचं काम. एक दुसरी कॉन्फिग फाइल केली. तिच्यात दोनच ओळी कामाच्या: ऑटो उणे ऑल, आणि मोठ्या ॲरेचं नाव व यूयूआयडी. नाव ठेवलं भांडार. मग सिस्टीमडीची वनशॉट, म्हणजे एकदा काम करून संपणाऱ्या, प्रकारची एक सर्व्हिस लिहिली, जी एक छोटी स्क्रिप्ट चालवते. स्क्रिप्ट आठही डिस्कांची बाय-आयडीमधली नावं घेऊन बसते आणि दर पाच सेकंदांनी बघते की आल्या का सगळ्या. एसडीबी, एसडीसी ही नावं इथे चालत नाहीत, डबे मागेपुढे आले की ती बदलतात. चार मिनिटांची मुदत आहे. सगळ्या आल्या तर एमडीॲडमला असेंबल, स्कॅन, नो-डिग्रेडेड आणि ही दुसरी कॉन्फिग, असं सांगायचं. मुदत संपली तर कुठली नावं दिसली नाहीत ती मेलमध्ये लिहून स्क्रिप्ट नापास होते.

डिस्क मोजून झाल्यावर नो-डिग्रेडेड पुन्हा कशाला? डिस्क दिसते आहे पण तिच्यावरची माहिती शिळी आहे, असंही होऊ शकतं. तेव्हा हा पर्याय ॲरे सुरू होऊ देत नाही. मॅन्युअलमध्ये त्याच्याबद्दल लिहिलं आहे की डिस्कांच्या जोडण्या आपल्याला हव्या तितक्या भरवशाच्या नसतील तेव्हा वापरा. एमडीॲडम लिहिणारे नील ब्राउन यांनी आमचा छोटा डबा पाहिला नसावा, पण वर्णन तंतोतंत जुळतं. एक मात्र आहे. असा अडवलेला ॲरे जुळवलेल्या पण न चालणाऱ्या अवस्थेत मागे राहतो आणि डिस्क धरून ठेवतो. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी, नापास झालं तर, स्टॉप सांगावं लागतं.

इथपर्यंत सगळं नीट होतं. ट्रायलसाठी एका व्हर्च्युअल मशीनमध्ये एकेक जीबीच्या आठ डिस्क करून दोन नंतर जोडल्या, तर ॲरे अगदी वेळेवर उठला. पण माउंट मात्र झालं नाही.

काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये माउंटला माझ्या सर्व्हिसवर अवलंबून ठेवलं होतं. एक्स-सिस्टीमडी डॉट रिक्वायर्स या पर्यायाने ते होतं, आणि त्यामुळे माउंट सर्व्हिसनंतरच चालतं. पण माउंट फाइलसिस्टीमच्या डिव्हाइसचीही वाट पाहत असतं, आणि त्या वाट पाहण्याची ठरलेली मुदत ९० सेकंदांची. हे घड्याळ माझी सर्व्हिस संपल्यावर सुरू होत नाही. दोन्ही कामं एकदमच रांगेत लागतात. सर्व्हिस शंभराव्या सेकंदाला ॲरे उभा करून यशस्वी, आणि माउंटने दहा सेकंद आधीच हात टेकलेले. डिव्हाइस-टाइमआउट दहा मिनिटं केल्यावर गाडी सुरळीत झाली. वनशॉट सर्व्हिसला स्वतःची मुदत मुळातच नसते, तिथे काही करावं लागलं नाही.

आता सांबा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर वाटणारी सर्व्हिस. आधीच्या मांडणीत एफएसटॅबमध्ये नोफेल होतं, म्हणजे माउंट झालं नाही तरी बूट अडत नाही. वाचताना शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात एकदा छोट्या डब्याबरोबर मोठ्या डब्यातली एक डिस्कही आली नव्हती. पाच डिस्कांवर रेड ६ उठत नाही, माउंट झालं नाही, आणि सांबाने रिकामं फोल्डर जगाला वाटायला ठेवलं. सकाळी ऑपरेटरचा फोन:

“दादा, सर्व्हर चालू आहे पण आतलं सगळं गायब आहे. पत्रिकेचं अर्जंट काम आहे, मी नवीन फोल्डर करून त्यात सेव्ह करून ठेवलंय.”

त्याने केलं ते कोणीही केलं असतं. पण ते काम मिररवर, म्हणजे रूटच्या डिस्कवर जाऊन बसलं. नंतर ॲरे माउंट झाला तेव्हा ते त्याच्याखाली झाकलं गेलं आणि पुन्हा गायब. ते बाहेर काढायला रूट दुसऱ्या ठिकाणीही दिसेल असं आणखी एक बाइंड माउंट करून खाली हात घालावा लागला.

याचा बंदोबस्त दोन ठिकाणी केला. रिकाम्या माउंट पॉइंटवर, ॲरे माउंट नसताना, चॅटर ही आज्ञा वापरून इम्युटेबलची, म्हणजे बदल करू न देणारी, खूण लावली. आता त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा काही लिहिता येत नाही, आणि वर ॲरे माउंट झाला की त्या खुणेचा काही संबंध उरत नाही. दुसरं म्हणजे सांबाच्या सर्व्हिसला एक जोडपत्र दिलं: रिक्वायर्स-माउंट्स-फॉर, आणि पुढे त्या फोल्डरची वाट. एफएसटॅबमधली ओळ नोऑटो केली. म्हणजे बूट त्याच्यासाठी अडत नाही. सांबा उठताना माउंटला ओढतो, माउंट माझ्या सर्व्हिसला, सर्व्हिस आठ डिस्कांची वाट पाहते. ॲरे नाही तर माउंट नाही, माउंट नाही तर शेअरच नाही. ऑपरेटरला रिकामं फोल्डर दिसण्याऐवजी सर्व्हर सापडत नाही असं दिसतं, आणि तो फोन करतो. मला तेच हवं आहे. दुरून लॉगिन करण्याचं एसएसएच या साखळीत नाही, त्यामुळे डबा उठायच्या आधीच मी आत शिरून लिस्ट-जॉब्समध्ये कोण कोणासाठी खोळंबलंय ते बघू शकतो.

खऱ्या मशीनवरची चाचणी रविवारी, मालकांसमोर केली. सर्व्हर बंद, छोट्या डब्याची वायर काढलेली, सर्व्हर चालू. मशीन उठलं, मिरर दोन्ही पायांवर, एमडीस्टॅटमध्ये भांडारचं नाव नाही. दोन मिनिटांनी वायर लावली. डब्याचे दिवे लागले, जर्नलमध्ये दोन डिस्क आल्या, ॲरे उठला, आठ यू, रिबिल्ड नाही. मालकांना त्यात फारसं काही दिसलं नाही. त्यांचा प्रश्न होता, छोटा डबाच यूपीएसवर का नाही लावत? तोही लावला आहे. पण यूपीएसची बॅटरी संपली की गोष्ट पुन्हा तिथेच येते.

राहिला एकच मुद्दा: डिस्क खरोखर मेली तर? तेव्हा हा ॲरे आपणहून उठणार नाही, आणि तसंच ठरवलं आहे. पण सोमवारी सकाळी मी गावाला असेन तर छापखाना बंद ठेवता येत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट करून ठेवली आहे. ती दिसत नसलेल्या डिस्कांचे सीरियल नंबर दाखवते. दोनपेक्षा जास्त असतील तर तिथेच थांबते. एक असेल तर तो नंबर हाताने टाइप करायला लावते, मगच असेंबलला रन जोडून ॲरे उठवते. दोन असतील आणि दोन्ही छोट्या डब्यातल्या असतील, तर आधी विचारते की डब्याचा दिवा लागला आहे का. ऑपरेटरने अजून ती एकदाच वापरली आहे, आणि तेव्हा दिवा लागलेला नव्हता.